जोसेलितोची तिसरी विधवा

मुलीने माद्रिदहून फोटो पाठवला तेव्हा विल्फ्रिदो चारिस परसात कोंबड्याला शिळा भात घालत होता. खिशात फोन थरथरला. त्याने हात सदऱ्याला पुसले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि सावलीत जाऊन पाहिलं.

फोटोत काळ्या कपड्यांतली एक बाई होती. डोक्यावर काळी जाळीची ओढणी, डोळे गच्च मिटलेले, तोंड असं वासलेलं की आतली पडजीभसुद्धा दिसावी. गालांवरून काजळाचे ओघळ हनुवटीपर्यंत आलेले. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘सहवैमानिकाची आई विमानतळावर पोहोचली तो क्षण. पुढे पाठवा. कुठल्याही आईवर अशी वेळ येऊ नये.’

त्याच्याखाली मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं: ‘पपा, हिला बघ. कालपासून माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नाहीये. रडणं असं असतं.’

त्या आठवड्यात सगळा देश एकाच गोष्टीबद्दल बोलत होता. एक छोटं प्रवासी विमान किनाऱ्याकडे येताना ढगांमध्ये डोंगराला धडकलं होतं आणि आतलं कोणीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून फोनवर फोटोंचा नुसता पूर आला होता. उड्डाणाआधी हात हलवणारं नवं जोडपं, राखेत न जळता राहिलेली देवमातेची तसबीर, ढगात दिसलेला पंख असलेला कोणी. काही फोटो खरे वाटत, काही खोटे, आणि बहुतेक धड ना हे ना ते. विल्फ्रिदो जुन्या पुस्तकांचा धंदा करणारा माणूस. अक्षरांत लिहिलेल्या कशावरही त्याचा जरा जास्तच विश्वास बसायचा. त्यातल्या दोन-तीन फोटोंना त्याने मनोमन हात जोडलेही होते.

हा फोटो त्याने दोन बोटांनी मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला.

ती बाई म्हणजे तो स्वतःच होता.

“वैमानिकाच्या मातोश्री आहेत का घरात?” कुंपणापलीकडून आवाज आला, आणि पाठोपाठ लिबार्दो आत शिरला. लिबार्दो बसगाड्या रंगवायचा. त्याच्या बोटांच्या पेरांत बारा महिने पिवळा रंग असे. हातात फोन, आणि हसून हसून लाल झालेलं तोंड.

“हळू बोल,” विल्फ्रिदो म्हणाला.

“हळू? अरे, माझ्या मेव्हणीने तुझ्यासाठी मेणबत्ती लावलीय! ती राहते बुकारामांगाला, तिला काय कळणार. मी म्हटलं, अगं, ही दुःखी माउली माझा पाना घेऊन गेलीय मार्चमध्ये, अजून परत केला नाही तिने.”

“कोणी केलं हे?”

“काय माहीत. पण कापलंय मात्र झकास. तुझे भोपळे कापले, जोसेलितोला कापलं, मला तर साफच कापलं. एवढा मी पाद्री, एवढा माझा झगा, हातात संडासचा ब्रश, आणि फोटोत माझं नख नाही! फक्त हा बघ, या कोपऱ्यात मारिमोंदाच्या सोंगाच्या मुखवट्याचा लोंबता कान राहिलाय. लोक म्हणतायत ती ऑक्सिजनची नळी आहे.”

विल्फ्रिदोने कोंबड्याकडे पाहिलं. कोंबड्याने त्याच्याकडे पाहिलं. या प्रकरणात दोघांचाही हात होता.

बारांकिया शहराच्या खालच्या आळीत कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारी जोसेलितो मरतो. चार दिवस पिऊन आणि नाचून त्याचं काळीज थकतं, आणि जुन्या पँट-शर्टात पेंढा भरून बनवलेला त्याचा देह एका दाराच्या फळीवर घालून गल्लीगल्लीतून मिरवला जातो. पुढे पाद्री, मागे विधवा. जोसेलितो रंगेल गडी, त्यामुळे त्याला विधवा पुष्कळ. आणि झाडून सगळ्या मिशाळ. प्रत्येकीने ऊर बडवत आपलं गाऱ्हाणं मांडायचं: आता घरभाडं कोण भरणार, पोटातल्या पोराला बाप म्हणून कोण दाखवू, माझी कवळी तुझ्याच खिशात राहिली रे मेल्या. जिचं रडणं सगळ्यांत झकास तिला बक्षीस.

विल्फ्रिदो कित्येक वर्षं तिसरी विधवा होता. एरवी गिऱ्हाइकाला पुस्तकाची किंमत सांगतानाही ज्याचा आवाज घशातच राहायचा, तो माणूस त्या एका दुपारी रस्त्यात मोठ्याने ओरडायचा. म्हणजे त्याच्या मानाने मोठ्याने. त्याला सजवायची त्याची बायको, उबाल्दिना. ती त्याच्या गालांना पावडर फासायची, छातीत दोन सुके भोपळे बांधायची, आणि शेवटी, मिरवणूक निघता निघता, त्याच्या कपाळावरचा चष्मा काढून आपल्या खिशात ठेवायची. चष्मा कपाळावर आहे हे त्याला सहसा आठवत नसे. वर्षाचे बाराही महिने तो घरभर चष्मा शोधत फिरायचा आणि उबाल्दिना स्वयंपाकघरातून, मान वर न करता, ओरडायची, “विली, कपाळावर!”

मग ती फूटपाथवर खुर्ची टाकून बसायची आणि त्याचं रडणं बघून पोट धरून हसायची. “विली, तुझं रडणं म्हणजे लायब्ररीतलं रडणं,” ती म्हणायची. “शेजारच्याला त्रास नको म्हणून!” बक्षीस त्याला एकदाही मिळालं नव्हतं.

गेल्या नाताळच्या आधी उबाल्दिना गेली. मारेल्विस, त्यांची एकुलती एक मुलगी, माद्रिदहून धावत आली. तिने पाहिलं तर बाप खुर्च्या लावत होता. रिवाजाप्रमाणे नऊ रात्री जागरणाला माणसं येत राहिली, आणि नऊ रात्री बाप खुर्च्या लावत राहिला, बर्फ आणत राहिला, कॉफीचे पेले विसळत राहिला. कोण आलं, कोणाला साखर चालत नाही, डॉमिनो खेळणाऱ्यांना दिवा पुरतोय का. डोळ्यांत टिपूस नाही. शेवटच्या रात्री सगळे गेल्यावर मारेल्विस म्हणाली, “पपा, आईसाठी तू एकदा तरी रडलास का रे? की खुर्च्याच मोजत बसलास?”

त्याने खरोखरच खुर्च्या मोजल्या होत्या. भाड्याच्या होत्या त्या, आणि एक कमी भरत होती.

मारेल्विस परत गेली. दर रविवारी फोन करायची, औषधं घेतलीस का विचारायची, सगळं नीट होतं. पण त्या प्रश्नाचं कुसळ दोघांच्या मध्ये राहिलं ते राहिलंच. ‘रडणं असं असतं’ या ओळीच्या मागे तेच कुसळ होतं, हे विल्फ्रिदोला चष्म्याशिवायही दिसलं असतं.

आणि आता हिला काय सांगायचं? आईच्या दुखवट्याचं वर्ष चालू असताना, घरात रेडिओही लावायचा नसताना, बाप कार्निव्हलात गेला. फोनवर मात्र सांगितलं की दार लावून वाचत बसलो होतो. काळा झगा उसवलेला होता, शिवून द्यायला कोणी नव्हतं, म्हणून कपाटातून आईचाच झगा काढून घातला. ज्याला बायकोसाठी रडू आलं नाही, तो पेंढ्याच्या बाहुल्यासाठी ढसाढसा रडला. आणि वर बक्षीस म्हणून गळ्यात फीत बांधलेला कोंबडा घेऊन घरी आला!

यातलं एकेक सांगणं कठीण होतं. सगळं मिळून सांगणं तर त्याला मरणप्राय वाटत होतं. मुलगी म्हणजे त्याचा आठवड्यातला एक फोन होता, आणि तो गमावला तर त्याच्याकडे पुस्तकं आणि कोंबडा एवढंच उरणार होतं.

“तिला सांगू नकोस,” त्याने लिबार्दोला बजावलं.

“मी कशाला सांगू? पण अख्खी आळी तुला मातोश्री म्हणतेय, विल्फ्रि. माद्रिद काही फार लांब नाही हल्ली.”

रविवारी फोन आला. मारेल्विसचा आवाज रडून बसलेला होता. ती म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची. दिवसभर दुसऱ्यांचे आईबाप सांभाळून तिचं मन आधीच हळवं झालेलं.

“पपा, तो फोटो बघितलास?”

“बघितला.”

“त्या बाईच्या झग्याचा गळा बघितलास? तस्सा आईकडे होता. ती लेस लावलेला. मला तर आईच दिसायला लागली त्या बाईत.”

“काळे झगे सगळे सारखेच,” तो म्हणाला.

“नाही रे. असू दे. आणि ती दुसरी बघितलीस का? टीव्हीवरची?”

“कोण दुसरी?”

“अरे, एक बाई आणून बसवलीय त्यांनी. म्हणे हीच खरी आई. एदिल्मा का कोण. पपा, डोळ्यांत थेंब नाही! पोरगा गेला आणि ही कॅमेरावाल्यांना विचारतेय, कॉफी घेणार का. कुठली आई अशी असते? सगळे लिहितायत, भाड्याने आणलीय म्हणून. मी पण लिहिलं.”

“तू काय लिहिलंस?”

“लिहिलं, जरा तरी लाज वाटू दे.”

परसातून कोंबडा मोठ्याने आरवला.

“हा कोंबडा कोणाचा? मागच्या वेळी पण ओरडत होता.”

“शेजारचा,” विल्फ्रिदो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने टीव्हीवरची ती मुलाखत शोधून काढली. मातीच्या अंगणात एक ठेंगणी बाई बाकावर बसली होती. हात मांडीवर, एकावर एक. प्रश्न विचारले की ती उत्तर द्यायची. मुलगा लहानपणी आंब्याच्या झाडावर चढून बसायचा, असं काहीसं. मधेच तिचं लक्ष गेलं की कॅमेरा धरलेला पोरगा उन्हात उभा आहे. ती उठली, आतून एक खुर्ची घेऊन आली, ती मातीत नीट बसते ना हे हाताने दाबून पाहिलं आणि म्हणाली, “बस बाळा. कॉफी घेशील ना?”

विल्फ्रिदोने तेवढाच तुकडा परत परत पाहिला. खुर्ची हाताने दाबून पाहण्याची ती रीत त्याच्या ओळखीची होती. खुर्ची डुगडुगत नाही, एवढी एक गोष्ट तरी आपल्या हातात आहे, हे बघायचं असतं त्यात. हात थांबले तर काय होईल ते त्याला ठाऊक होतं. निदान ठाऊक असावं असं वाटत होतं. त्याला कुठल्याही गोष्टीची पुरती खात्री कधी वाटत नसे.

दोनच दिवसांनी त्याच्या पुस्तकांच्या ठेल्यापाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. तिने आधी एक फाटकी कादंबरी विकत घेतली, मग म्हणाली, “तुम्ही सेन्योर चारिस ना? मी यिसेल. पेपरात ‘खरं की खोटं’ सदर लिहिते.”

“मी काही पाहिलेलं नाही,” विल्फ्रिदो घाईघाईने म्हणाला.

यिसेल हसली. तिने पिशवीतून एक मोठा छापील फोटो काढला. त्यात सगळं होतं: फळीवरचा पेंढ्याचा जोसेलितो, ब्रशने पाणी शिंपडणारा लिबार्दो, मारिमोंदाचे दोन्ही कान, आणि मध्ये उबाल्दिनाच्या झग्यात, एक भोपळा पोटावर घसरलेला, विल्फ्रिदो.

“मूळ फोटो मला मिळाला. एका परदेशी बाईने काढलेला आहे. मी तो छापला. काय झालं माहितीय? लोक म्हणाले, हाच बनावट आहे! म्हणे एका दुःखी आईला कोणीतरी भोपळे चिकटवले. मलाच शिव्या.”

विल्फ्रिदोला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

“मला जिवंत माणूस हवाय,” यिसेल म्हणाली. “नाव सांगणारा. एदिल्माबाईंना लोक रोज वाईटसाईट पाठवतायत. खोटी आई, पैसे घेऊन बसलेली आई. त्या चर्चला जायच्या बंद झाल्यात, चर्चच्या दारात कोणीतरी त्यांना विचारलं म्हणे, तू खरी असशील तर रडून दाखव. तुम्ही नाही म्हणालात तर मी जाईन निघून, जबरदस्ती नाही. पण एक विचारू? तुम्ही खरंच इतकं छान रडता?”

“एकदाच,” विल्फ्रिदो म्हणाला.

“कोणासाठी रडत होता?”

तो बराच वेळ पुस्तकांच्या कडा सारख्या करत राहिला. “नियम असा आहे की जोसेलितोसाठी,” तो शेवटी म्हणाला.

यिसेलने ते लिहून घेतलं नाही.

“उद्यापर्यंत थांबशील?” त्याने विचारलं. “आधी एका ठिकाणी सांगायचंय. आणि तो माझा मित्र लिबार्दो आहे ना, पाद्री, त्याच्या पोराने व्हिडिओ काढलाय. आवाजासकट. मी पाहिलेला नाही, पण तो घे. म्हणजे भोपळे चिकटवले असं तरी कोणी म्हणणार नाही.”

त्या दिवशी ठेला लवकर आवरून तो घरी आला. मनात वाक्यं जुळवून झाली, मोडून झाली. ‘मारे, तुला एक गंमत सांगतो.’ छे, ही गंमत नव्हती. ‘मारे, मला माफ कर.’ हे ऐकून ती घाबरेल, वाटेल हार्टचं काही आहे. शेवटी त्याने कोंबड्याला उचलून मांडीवर घेतलं, कारण रिकाम्या हातांनी बोलणं त्याला जमलं नसतं, आणि फोन लावला.

“पपा? आज काय वार? बरा आहेस ना?”

“बरा आहे. मारे, तो कोंबडा.”

“कुठला कोंबडा?”

“शेजारचा म्हटलं होतं ना. तो माझाच आहे.”

“बरं मग? पाळ की. त्यात काय?”

“बक्षीस मिळालाय.”

“तुला? कसलं बक्षीस? पुस्तकं विकल्याचं?”

“रडल्याचं,” विल्फ्रिदो म्हणाला.

माद्रिदमध्ये कुठेतरी ट्राम गेल्यासारखं वाटलं. मग त्याने सगळं सांगितलं. क्रम चुकला, आधीचं नंतर आलं, भोपळ्यांचं सांगायची गरज नव्हती तेही सांगितलं. कोंबडा मांडीवर शांत बसून होता.

“फोटोतली बाई तू आहेस,” मारेल्विस म्हणाली.

“हो.”

“झगा आईचा.”

“हो.”

“मी इतके दिवस तुझ्यासाठी रडतेय. माझ्या कामावरच्या बायका रडल्या. तिथल्या एका आजीने माळ जपली तुझ्यासाठी.”

“हो. सॉरी.”

“आणि आई गेली तेव्हा तुला... आणि त्या पेंढ्याच्या...”

“मारे,” तो घाईने म्हणाला, कारण ती फोन ठेवणार हे त्याला कळलं होतं, “माझं जाऊ दे. ती दुसरी बाई आहे ना टीव्हीवरची, ती खरी आहे. तिला कॉफी विचारू दे. खुर्च्या आणू दे. तिला काही म्हणू नकोस.”

फोन बंद झाला.

यिसेलचं सदर आलं. त्यात विल्फ्रिदोचं नाव होतं, ठेल्यामागे उभा असलेला एक ओशाळवाणा फोटो होता, आणि फोनवर पाहणाऱ्यांसाठी तो व्हिडिओही. खालच्या आळीने दणक्यात आनंद साजरा केला. लिबार्दोने सदर कापून बसच्या पुढच्या काचेला चिकटवलं आणि ती बस तशीच गिऱ्हाइकाला दिली. तो व्हिडिओ दाखवायला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा विल्फ्रिदोने आतून कडी घातली.

“अरे, ऐक तरी तू काय म्हणालायस!” लिबार्दो दारातून ओरडला. “तेव्हा आम्ही लोळलो होतो हसून. सगळ्यांत भारी गाऱ्हाणं तुझंच!”

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने दार वाजवलं नाही. बाहेरच्या पायरीवर बसून राहिला. बऱ्याच वेळाने, एकदम खालच्या आवाजात म्हणाला, “विल्फ्रि, मी आज परत बघितला तो. बायकोबरोबर. तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही रे, गड्या.” आणि उठून गेला. त्या दिवसापासून त्याने मातोश्री म्हणणं सोडलं; नुसता पाना मागत असे.

रविवार आला. फोन आला नाही. विल्फ्रिदोने दुपारी जेवण टाळलं, मग कोंबड्याला भात घालताना स्वतःही दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर एका गिऱ्हाइकाने विचारलेलं पुस्तक समोर असून त्याला सापडलं नाही. त्याच्या मनात आलं, सांगितलं ते चुकलंच. मग मनात आलं, आधी सांगितलं नाही ते चुकलं. मग वाटलं, मुळात त्या मंगळवारी घराबाहेर पडलो तेच. असं करत करत तो लग्नापर्यंत मागे गेला, आणि तिथे मात्र त्याला काही चूक सापडली नाही.

एका सकाळी तो परसात असताना फोन वाजला. फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता. नाव वाचायला चष्मा हवा, म्हणून त्याने ओट्यावर चाचपलं, फडताळात पाहिलं, साखरेच्या डब्यामागे पाहिलं. फोन वाजतच होता. शेवटी तो तसाच उचलला.

“कोण बोलतंय?”

“नाव बघून उचलत नाहीस का फोन?”

“मारे! अगं, चष्माच सापडत नाहीये.”

मग मारेल्विस म्हणाली, “पपा, कपाळावर.”

त्याने हात वर नेला. चष्मा तिथेच होता.

“सापडला?”

“सापडला.”

“तो व्हिडिओ ऐकलास तू?”

“नाही. मी दार लावून घेतो.”

“मग मी सांगते. बाकीच्या विधवा भाडं म्हणून रडतायत, दारू म्हणून रडतायत, एकीची कवळी हरवलीय. मग तू पुढे येतोस. आधी हळूच काहीतरी पुटपुटतोस, लायब्ररीत असल्यासारखा. आणि मग ओरडतोस, पपा. मी तुझा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. ‘चष्मा कुठंय ते आता मला कोण सांगणार! माझ्याच कपाळावर असतो नि मला कळत नाही!’ आणि लोक हसतायत. पोट धरून हसतायत. तुला कोंबडा देतायत.” तिचा आवाज फुटला. “आणि तो खरंच कपाळावर आहे. ओढणीच्या खाली. फोटोतसुद्धा आहे. मी किती वेळा मोठा करून बघितला होता तो फोटो, मला वाटलं ओढणीची पिन चमकतेय.”

विल्फ्रिदो ओट्याला टेकून उभा राहिला. आपण असं ओरडलो होतो हे त्याला अंधुक आठवत होतं आणि नव्हतंही. खोटं काही बोलायचं नाही एवढं त्याने ठरवलं.

“मला नक्की सांगता येत नाही, मारे,” तो म्हणाला. “सुरुवात नाटकच होतं. दर वर्षीसारखं. मग ती मिरवणूक आपल्या घरासमोर आली, आणि फूटपाथवर खुर्ची नव्हती. पुढचं काय खरं नि काय नाटक, ते मला उमगत नाही. लोक हसले, तर मला वाटलं नाटकच असणार.”

“असू दे,” मारेल्विस म्हणाली. “मी त्या एदिल्माबाईंना लिहिलेलं पुसून टाकलं. दुसरं लिहिलं. उत्तर नाही आलं. येऊही नये खरं तर.” तिने नाक पुसलं. “आईला किती आवडलं असतं रे ते. तिसऱ्या विधवेला बक्षीस.”

“म्हणाली असती, शेवटी एकदाचा शेजाऱ्यांना त्रास दिलास.”

मारेल्विस हसली. मग रडली, मग पुन्हा हसली, आणि या सगळ्यात परसातून कोंबडा आरवला.

“त्याचं नाव काय ठेवलंयस?”

“जोसेलितो.”

“मेलेल्याचं नाव ठेवलंस?”

“दर वर्षी उठतो ना तो.”

“ऐक,” ती म्हणाली. “मी फेब्रुवारीत येते. रजा मागून बघते. दुखवटाही तोवर संपेल. तुझा तो उसवलेला झगा टाकू नकोस, तसाच ठेव, मी शिवीन. आणि मंगळवारी फूटपाथवर बसायला जागा धर. तुझा चष्मा कोणीतरी धरायला हवा की नाही?”

“धरतो,” विल्फ्रिदो म्हणाला. मग त्याला नेहमीसारखी शंका आली. “दोन खुर्च्या ठेवू का? लिबार्दोची बायकोही येईल कदाचित. तिची बहीण पण येते म्हणाली, ती मेणबत्ती लावलेली. म्हणजे तीन. की चार ठेवू, एखादी जास्तीची असलेली बरी...”

“पपा,” मारेल्विस म्हणाली, “मोजत बसू नकोस.”

फोन ठेवून तो परसात आला. भिंतीला टेकवलेल्या जुन्या खुर्च्यांतली एक त्याने मातीत मांडली, हाताने दाबून पाहिली. डुगडुगत होती. त्याने चष्मा खाली ओढला आणि लिबार्दोच्या पान्याने तिचा नट आवळायला बसला.